अर्धे घरी, अर्धे आघाडीवर

अरुणाचलच्या पोस्टिंगमध्ये कंपनीचं रजेचं रजिस्टर दोन वर्षं माझ्याकडे होतं. हे काम ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको. जूनमध्ये निम्म्या जवानांना पेरणीसाठी रजा हवी, उरलेल्यांना दिवाळीला. पोस्ट मात्र बारा महिने धरायची. त्याच दिवसांत युनिटच्या लायब्ररीत इंग्लंडच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. अकराशे वर्षांपूर्वी एका राजापुढे हाच हिशेब होता, हे वाचून मी रजिस्टर बाजूला ठेवलं.

तो राजा म्हणजे वेसेक्सचा आल्फ्रेड. तेव्हा इंग्लंड हे एक राज्य नव्हतं. अँग्लो-सॅक्सन लोकांची नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि वेसेक्स अशी चार मोठी राज्यं होती. इ. स. 865 मध्ये डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचं मोठं सैन्य उतरलं आणि दहा वर्षांत पहिली तिन्ही राज्यं कोलमडली. ईस्ट अँग्लियाचा राजा मारला गेला, मर्सियाचा राजा देश सोडून गेला. उरलं फक्त दक्षिणेचं वेसेक्स. 871 मध्ये थोरला भाऊ वारला आणि आल्फ्रेड गादीवर आला, तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.

डेन शूर होते, पण इंग्रजही काही कमी नव्हते. फरक होता तो सैन्य उभं करण्याच्या पद्धतीत. वेसेक्सच्या सैन्याला ‘फिर्ड’ म्हणत. बोलावणं आलं की जमीनधारक आणि त्यांची माणसं हत्यार घेऊन यायची, मुदत संपली आणि शिधा संपला की घरी परतायची. डेन मात्र लुटीवर जगत. घोडे आणि जहाजं असल्यामुळे हवं तिथे पोहोचत, धान्य भरलेलं ठाणं पकडून त्यातच हिवाळा काढत. 878 च्या जानेवारीत, नाताळचा सण नुकताच उरकलेला असताना, त्यांचा नेता गुथ्रम याने चिपनमचं राजठाणं बळकावलं. फिर्ड घरोघरी होती. आल्फ्रेड थोड्या माणसांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत निघून गेला.

ईस्टरच्या सुमारास त्याने ॲथेल्नी नावाच्या बेटावर गढी बांधली आणि तिथून छापे घालायला सुरुवात केली. सात आठवड्यांनी ठरलेल्या जागी सॉमरसेट, विल्टशर आणि हॅम्पशरची माणसं जमली. एडिंग्टनला लढाई झाली, डेन हरले आणि आपल्या ठाण्यात शिरले. चौदा दिवसांच्या वेढ्यानंतर गुथ्रम शरण आला. आल्फ्रेडने त्याला मारलं नाही. त्याचा बाप्तिस्मा करवला आणि स्वतः त्याचा धर्मपिता झाला.

बरीच पुस्तकं इथे थांबतात. मला मात्र त्यानंतरची पंधरा वर्षं महत्त्वाची वाटतात. आल्फ्रेडने सैन्याचे दोन भाग केले. अर्धे घरी, अर्धे मोहिमेवर, आणि ठाण्यांवरची शिबंदी वेगळी. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मध्ये 893 च्या नोंदीत हे स्पष्ट लिहिलं आहे. जोडीला ‘बर्ह’ नावाच्या तटबंदीच्या ठाण्यांचं जाळं उभं केलं. त्याच्या मुलाच्या काळातल्या यादीत अशी तीसेक ठाणी आहेत आणि त्यांचं गणित कुठल्याही क्वार्टरमास्टरला आवडेल असं आहे. ‘हाइड’ हे जमिनीचं माप. दर हाइडमागे एक माणूस, आणि साडेसोळा फूट तटामागे चार माणसं. विंचेस्टरला 2,400 हाइड लावून दिले होते, म्हणजे 9,900 फूट तट. तिथल्या जुन्या तटाची लांबी जवळपास तेवढीच भरते!

योजना चांगली असली तरी रिलीफ वेळेवर येईलच असं नाही. 893 मध्ये नव्याने आलेल्या डेनांना फार्नमला मार बसला आणि ते कोल्न नदीतल्या एका बेटावर अडकले. त्यांचा राजा जखमी होता, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. इंग्रजांनी वेढा घातला. पण वेढेकऱ्यांची मुदत संपली, शिधाही संपला. बदलीची तुकडी घेऊन खुद्द राजा वाटेवर होता, तरी ते निघून गेले. क्रॉनिकलकाराने ही गोष्ट लपवली नाही.

असं असूनही व्यवस्था टिकली. 896 मध्ये ते डेन सैन्य पांगलं. 899 मध्ये आल्फ्रेड वारला. मुलगा एडवर्ड आणि मर्सियाचा कारभार पाहणारी मुलगी एथेलफ्लेड यांनी तीच ठाण्यांची पद्धत उत्तरेकडे नेली. 927 मध्ये नातू ॲथेलस्टनने यॉर्क घेतलं आणि तो साऱ्या इंग्लंडचा पहिला राजा ठरला.

वेढा सोडून गेलेल्या त्या माणसांना मी पूर्वी सरळ दोष दिला असता. रजिस्टर सांभाळल्यावर तसं करवत नाही. आमच्या पोस्टवर एकदा दरड कोसळून रस्ता बंद झाला, बदलीची तुकडी अकरा दिवस अडकली. ज्याची रजा मंजूर होती तो जवान एक शब्द न बोलता थांबला. गावी पोहोचला तेव्हा वाफसा निघून गेला होता आणि त्या वर्षी त्याचं अर्धं रान पडीक राहिलं. कंपनीच्या डायरीत त्या अकरा दिवसांची नोंद एवढीच आहे: रस्ता बंद, नफरी पूर्ण.