मलकानी खटला

आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पोलिसांनी आरोपीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनी संभाषण पुराव्यात ग्राह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (२२ सप्टेंबर १९७२, निकालपत्र न्या. अजितनाथ रे). खासगीपणा व न्याय्य सुनावणी या मुद्द्यांवर आरोपीने हरकत घेतली की सरकार पक्ष आजही मुख्यतः याच निर्णयाचा आधार घेतो.

वस्तुस्थिती : मलकानी हे मुंबईचे कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) होते. मे १९६४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडलेला एक रुग्ण बॉम्बे हॉस्पिटलमध्ये दगावला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे मलकानी यांनी आधी वीस हजार, मग दहा हजार रुपये मागितले, असा आरोप होता. डॉक्टरांनी नकार दिला. ७ ऑक्टोबर १९६४ रोजी मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरांच्या घरून मलकानी यांना दूरध्वनी लावण्यात आला. त्या डॉक्टरांच्या संमतीने लाचलुचपतविरोधी विभागाने तेथे ध्वनिमुद्रक जोडला होता. याच ध्वनिफितीवर वाद झाला.

हरकती व उत्तर : भारतीय तार अधिनियमाच्या कलम २५ चा भंग, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती (अनुच्छेद २० (३)) आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच (अनुच्छेद २१) या आरोपीच्या प्रमुख हरकती होत्या. न्यायालयाने तिन्ही फेटाळल्या. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग नाही. आरोपी आपणहून बोलला, म्हणून सक्ती नाही. पुरावा गैरमार्गाने मिळाला तरी संबद्ध असल्यास ग्राह्य. शेवटच्या मुद्द्यासाठी प्रिव्ही कौन्सिलच्या कुरुमा निर्णयाचा (१९५५) आधार घेतला गेला. आवाजाची ओळख पटणे, संभाषण संबद्ध असणे आणि फितीत खाडाखोड नसल्याचे सिद्ध होणे या अटी मात्र घातल्या. पुराव्याच्या कायद्याला या निर्णयाची खरी देणगी हीच. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण मिळेल, असेही न्यायालय म्हणाले. हे विधान दुबळे आहे : संभाषण ऐकले जाते तेव्हा कोणीच दोषी ठरलेला नसतो.

निकाल : दोषसिद्धी कायम झाली.

उत्तरकाल : पूरणमल (१९७३) व नवज्योत संधू (२००५) या निर्णयांनी पुराव्याच्या ग्राह्यतेबाबत हाच मार्ग धरला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) निर्णयाने (१९९६) दूरध्वनी ऐकण्याच्या आदेशासाठी गृहसचिवांची मंजुरी, दोन महिन्यांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती हे निर्बंध आणले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद आधार प्रकरणात केंद्र सरकारने २०१५ मध्ये केला. त्याचा आधार एम. पी. शर्मा (१९५४) व खरकसिंग (१९६२) हे निर्णय होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने या मुद्द्यापुरते ते रद्दबातल ठरवले. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या प्रकरणात (२०१९) मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या तपासासाठी काढलेले दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश सार्वजनिक सुरक्षेच्या निकषात बसत नाहीत म्हणून रद्द केले आणि मुद्रित संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. हक्कभंग एका पारड्यात आणि पुरावा दुसऱ्यात, अशी मलकानी निर्णयाने केलेली फारकत येथे मोडली. तिचा फेरविचार सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे व्हायला हवा.

तार अधिनियमाची जागा आता दूरसंचार अधिनियम, २०२३ ने आणि पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. बेकायदा मिळवलेला पुरावा सरसकट वगळण्याची तरतूद दोन्हींत नाही.