मूल्यमापन, गरज आणि आराखडा : महाराष्ट्रातील सार्वजनिक उच्च प्राथमिक शाळेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शाळा कशी चालली आहे, तिला काय हवे आहे आणि ती सुधारण्यासाठी काय करावयाचे, हे तीन प्रश्न एकाच साखळीचे दुवे आहेत. पहिल्याचे उत्तर म्हणजे मूल्यमापन, दुसऱ्याचे गरजनिश्चिती आणि तिसऱ्याचे सुधारणा-आराखडा. महाराष्ट्रातील सार्वजनिक शाळेच्या इतिहासात पहिला प्रश्न सातत्याने विचारला गेला. दुसरा अधूनमधून विचारला गेला. तिसऱ्याचे उत्तर शाळेनेच लिहावे, अशी कायदेशीर तरतूद होण्यास मात्र २००९ साल उजाडावे लागले. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या परस्परसंबंधाचा, विशेषतः चौथीनंतरच्या वर्गांच्या संदर्भात, आढावा घेतला आहे. पहिल्या चार इयत्ता गावात असल्या तरी पुढील वर्गांसाठी अनेक ठिकाणी दुसऱ्या गावी जावे लागते. अंतर, खर्च, घरकाम आणि शेतीची कामे यांचा भार याच वयात मुलांवर, त्यातही मुलींवर, पडतो. त्यामुळे शाळेच्या मूल्यमापनात काय मोजले जाते आणि काय सुटते, हे या टप्प्यावर सर्वांत स्पष्ट दिसते.

निरीक्षण आणि निकाल

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाले. खलित्यातील दोन तत्त्वांचा परिणाम दीर्घकाळ टिकला : खाजगी शाळांना अनुदान आणि सर्व शाळांचे सरकारी निरीक्षण. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आणली आणि त्याच दशकात ती मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही लागू झाली. किती मुले कोणत्या विषयात उत्तीर्ण झाली, यावर शाळेची रक्कम ठरू लागली.

या पद्धतीत हिशेब सोपा होता. परंतु तिचा एक दोष मूलभूत होता. ज्या शाळेची स्थिती चांगली, तिला अधिक पैसा मिळे आणि जी शाळा दुर्बळ, ती अधिक दुर्बळ होई. मूल्यमापनातून गरज उघड होण्याऐवजी गरजेबद्दल दंड होत असे. सातवीच्या अखेरीस होणारी ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षा हे मराठी शाळेचे सर्वोच्च फळ मानले जाई. ती उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षकाची किंवा कनिष्ठ सरकारी नोकरीची वाट खुली होई. त्यामुळे ‘फायनल’ झालेल्यांची संख्या हीच शाळेची कीर्ती ठरे. त्या इयत्तेपर्यंत पोहोचलीच नाहीत, अशा मुलांची नोंद या कीर्तीत होत नसे.

महात्मा फुले यांचे निवेदन

या व्यवस्थेची सर्वांत मर्मग्राही चिकित्सा महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात आढळते. हे निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. शालेय मूल्यमापनाच्या इतिहासातही त्याचे स्थान तितकेच महत्त्वाचे असून त्याची दखल मात्र कमी घेतली गेली आहे.

फुले यांनी निरीक्षणयंत्रणा सदोष व अपुरी असल्याचे नमूद केले. उपनिरीक्षकाने, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘दिपोटी’ने, वर्षातून एकदा भेट दिल्याने फारसा लाभ होत नाही, किमान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी आणि काही भेटी पूर्वसूचनेशिवाय असाव्यात, असे त्यांचे मत होते. गावच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना इतर कामांतून सवड मिळत नाही आणि त्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी निदर्शनास आणले. तथापि ते केवळ कडक तपासणीची मागणी करून थांबले नाहीत. प्रशिक्षित शिक्षकास दरमहा किमान १२ रुपये वेतन असावे, अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी सुचविले. निकालानुसार अनुदानाची पद्धत गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजासाठी उपयोगी नाही, असा स्पष्ट निर्वाळाही त्यांनी दिला. अशा समाजात कोणी शिक्षक स्वतःच्या जोखमीवर शाळा काढणार नाही. तेथे सरकारनेच शाळा चालविल्या पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तपासणी वाढवा आणि त्याचबरोबर शाळेला लागणारे साधनही द्या, असा हा दुहेरी आग्रह आहे. आयोगाने मात्र अनुदानित प्राथमिक शाळांसाठी निकालाधारित अनुदानाचाच पुरस्कार केला. ती पद्धत गैरलागू असल्याचे सरकारने १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात मान्य केले. तोवर फुले यांच्या निधनास १४ वर्षे होत आली होती.

गळतीचा हिशेब

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रश्नाचे स्वरूप बदलले. बडोदा संस्थानात १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची पावले पडली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे दिली.

शाळा व पट वाढत असताना १९२९ मध्ये हारटॉग समितीचा अहवाल आला. १९२२–२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५–२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती, असे समितीने दाखविले. ‘गळती व स्थगिती’ ही संकल्पना येथून शैक्षणिक चर्चेत रूढ झाली. उत्तीर्णांऐवजी हरवलेल्यांची मोजणी होणे, ही मूल्यमापनातील मोठी प्रगती होती. समितीने सुचविलेला उपाय मात्र विस्ताराचा वेग आवरून असलेल्या शाळा बळकट करण्याचा होता. गुणवत्तेच्या नावाखाली प्रसार रोखला जाईल, ही भीती शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांच्या लेखनातून व्यक्त झाली. मोजणी अचूक असली तरी तीवरून काढलेला निष्कर्ष वंचितांच्या विरोधात जाऊ शकतो, हा या वादाचा धडा होय.

जिल्हा परिषदा आणि संस्थात्मक नियोजन

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या अखत्यारीत गेल्या. शिक्षण विस्तार अधिकाऱ्याची भेट, शेरेबुकातील नोंद आणि वार्षिक तपासणी ही त्या काळातील मूल्यमापनाची परिचित साधने होत. शेरेबुकात ‘छप्पर गळते’ अशी नोंद झाली, तरी त्या नोंदीवर कोणी, किती दिवसांत कार्यवाही करावी, हे त्या नोंदीतून ठरत नसे.

कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. या आयोगाने प्रत्येक शाळेने स्वतःचा विकास-आराखडा तयार करावा, तसेच माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचे संकुल उभारावे, अशा शिफारशी केल्या. नाईक यांनी पुढेही संस्थात्मक नियोजनाचा पाठपुरावा केला. नियोजन राजधानीत न होता शाळेत सुरू व्हावे, हा त्यामागील विचार होता. परंतु शाळेच्या आराखड्याला निधीची हमी नसल्याने तो सदिच्छेच्या पातळीवरच राहिला.

कायद्याने दिलेला आराखडा

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मुळे हे चित्र निदान कागदोपत्री बदलले. कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असावयास हवेत. कलम २२ अन्वये ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासन वा स्थानिक प्राधिकरण यांच्या योजना व अनुदाने यांचा आधार हाच आराखडा असेल, असे कायदा सांगतो. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक व दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण अनुसूचीत दिलेले आहे. फुले यांच्या दुहेरी आग्रहाला येथे प्रथमच कायदेशीर रूप मिळाले.

याच काळात मोजमापाची साधनेही वाढली. २००५ पासून ‘असर’ अहवालाने ग्रामीण मुलांचे वाचन व गणित घरी जाऊन तपासण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘शाळासिद्धी’ ही सात क्षेत्रे व ४६ मानके असलेली स्वयंमूल्यमापनाची राष्ट्रीय चौकट आली. तिच्यात शाळेने स्वतःची पातळी ठरवून सुधारणेचा प्राधान्यक्रम लिहावयाचा असतो.

तरीही जुना पेच सुटलेला नाही. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने खोट्या पटाचा गैरप्रकार उघडकीस आणला, हे तिचे श्रेय होय. परंतु पट हाच शाळेच्या अस्तित्वाचा निकष ठरला की वेगळा प्रश्न उभा राहतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. वाडी-वस्तीवरील शाळेचा कमी पट हा बहुधा लोकवस्तीचा परिणाम असतो, अध्यापनाचा नव्हे. संचमान्यतेतही शिक्षकपदे पटावरून ठरतात. शिक्षक कमी झाला की वर्ग जोडले जातात, वर्ग जोडले की पालक मुलास अन्यत्र घालतात आणि पट आणखी घटतो. निकालाधारित अनुदानाचेच चक्र येथे वेगळ्या नावाने फिरताना दिसते.

समारोप

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक शाळेच्या मूल्यमापनाची परंपरा महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुनी आहे; उणीव मोजमापाची नसून मोजमापाला बांधलेल्या उत्तरदायित्वाची आहे. दुसरी, केवळ निकाल वा केवळ पट यांवर आधारलेले मूल्यमापन दुर्बळ शाळेला अधिक दुर्बळ करते. तिसरी, कलम २२ मधील आराखडा ही या इतिहासातील सर्वांत मोलाची तरतूद आहे. कारण तिच्यामुळे तपासणारा आणि तपासला जाणारा, दोघांवरही कर्तव्य येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला असून शाळा संकुलाची कल्पनाही पुन्हा मांडली आहे. तिचे यश संकुलांच्या संख्येवर अवलंबून नाही. व्यवस्थापन समितीतील एखाद्या आईने ‘गणिताचा शिक्षक हवा’ अशी नोंद आराखड्यात करवून घेतली, तर त्या नोंदीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळते किंवा नाही, हीच त्याची कसोटी राहील.