अतिथि आणि तिथि

ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आपण सांगतों. परंतु त्याच्या जाण्याची तिथि शास्त्रकारांनीं ठरविलीच होती. मनुस्मृतीनें एक रात्र राहणारासच अतिथि म्हटलें. अर्वाचीन राज्यांचें धोरणही याहून फारसें निराळें नाहीं.

थायलंडचेंच पाहा. व्हिसावांचून विमानानें येणारास ३० दिवस, पण खुष्कीच्या सीमेवरून येणारास १५ दिवस, असा भेद त्या राज्यानें २००८ च्या अखेरीस केला. मुदत सरतांच मेकाँग ओलांडून लाओसांत जावें व नवा शिक्का घेऊन परतावें, ही युक्ति रूढ झाली होती. तिला आळा घालणें हा हेतु. पुढें २०१६ च्या शेवटच्या दिवसापासून असे खुष्कीचे प्रवेश वर्षास दोनच ठरले. उलट, इमिग्रेशनच्या कचेरींत १,९०० बाट भरून मागतां येणारी मुदतवाढ २०१४ मध्यें ७ दिवसांवरून ३० दिवसांवर नेण्यांत आली.

तात्पर्य उघड आहे. अधिक राहूं द्या, असें सरळ विचारणाऱ्या पाहुण्यास यजमान नकार देत नाहीं. पुनःपुन्हा नवा पाहुणा बनून येणाऱ्यावरचा त्याचा विश्वास मात्र उडतो. खेद इतकाच कीं, त्या अविश्वासाचा दंड विमानाचें भाडें न परवडणाऱ्या प्रामाणिक प्रवाशासही भरावा लागला.