हालाच्या काळातलं कापसाचं वावर

वर्ध्याला खेटून असलेल्या बोरगाव मेघेत तुम्ही उभे आहात. सिमेंटचे रस्ते, स्लॅबची घरं, गाड्यांचे हॉर्न सगळं इथंच सोडा आणि सुमारे दोन हजार वर्षं मागं चला. पायाखालची काळी माती तेवढी तीच राहते. राज्य सातवाहनांचं आहे. नुकताच पाऊस पडून गेलाय, जमिनीच्या भेगा मिटल्यात आणि तुम्ही एका वावराच्या धुऱ्यावर आहात.

आज कापसासाठी पहिलं तास पडायचं. घरची सून ओलं पीठ बोटांना लावून नांगरावर शुभचिन्हं काढतेय. जरा जवळ जा. तिचे हात थरथरताहेत, बोटं सरळ उमटत नाहीत. सासूला वाटतं, पोरगी बावरली. तुम्हाला खरं कारण ठाऊक आहे, कारण सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशती या प्राकृत गाथासंग्रहात हाच क्षण टिपलेला आहे. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की याच वावरात आपल्या माणसाला चोरून भेटायचं, हे तिच्या मनात आधीच पेरून झालंय. या गाथेत गावाचं नाव नाही, म्हणून हे शिवार बोरगावचं मानायला माझी हरकत नाही. गाथा अवघ्या दोन ओळींची असते. तेवढ्यात काम, सण, वासना आणि धास्ती एकाच हातात येतात.

आता शेजारच्या घरात या. नवरा परमुलखी निघालाय. बायको भिंतीपाशी बसून दिवस मोजायला रेघा ओढतेय. तो आजच गेला, असं घोकत एक रेघ. परत तेच घोकत दुसरी. पहिला दिवस अर्धाही सरला नाही आणि भिंत भरून गेली. पावसाळ्यात अशीच आणखी एक भेटेल. गळक्या छपराखाली लेकराला मांडीवर घेऊन, थेंब स्वतःच्या डोक्यावर झेलणारी. तिच्या आसवांनी तेच लेकरू भिजतंय, हे तिच्या ध्यानात येत नाही.

वाटेवर पाणपोई लागते. वाटसरू ओंजळीची बोटं फाकवून वर बघत पितो. पाणी गळतं, पिणं लांबतं. पाणी वाढणारी बाई धार आणखी बारीक करते. दोघंही एक शब्द बोलत नाहीत.

अशा बायका फक्त इथंच भेटतात असं नाही. याच काळाच्या कितीतरी आधीपासून चीनमध्ये शीजिंग या संग्रहातल्या 305 कविता आहेत. त्यातही रानात पाला खुडणाऱ्या, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाया बोलतात. पुढे थांग राजवटीच्या काळात कवी ली बाय चांगआन शहरात रात्री कापड कुटण्याचा आवाज ऐकवतो. सीमेवरच्या नवऱ्यांसाठी बायका हिवाळी कपडे तयार करताहेत. पण ते ऐकवणारा पुरुष आहे. इथंही प्रश्न तोच. सून बोलते ती स्वतः, की तिच्या तोंडून कुणी पुरुष?

तुम्ही प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला गेलात, तर हाल सांगेल की कोटभर गाथांतून आपण सातशे निवडल्या. निवड राजाची, हे विसरून चालणार नाही. तरी या बायका मला खऱ्या वाटतात, कारण त्या कामात आहेत. संस्कृत काव्यातली विरहिणी कमळाच्या पानांवर पडून असते. इथली चुलीपाशी असते. हात काजळीनं माखलेला, तोच गालाला लागलेला, आणि नवरा तिच्या तोंडाला चंद्र म्हणून हसतोय.

परतताना पाचव्या शतकात, धाम नदीकाठी पवनारला थांबा. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींच्या मते वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच. मुलं लहान असताना राज्य चालवणाऱ्या प्रभावतीगुप्तेचं नाव ताम्रपटांवर कोरलेलं आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य त्याच्या नावावर आहे. भाषा गाथांचीच, पण विषय रामाचा आणि लंकेचा. वावरातली सून त्यात कुठं असणार?

तिचं नाव कुठल्याच पटावर नाही. पण गाथासप्तशतीच्या टीकाकारांनी काही गाथा ज्यांच्या नावे लावल्या त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा अशा बायका आहेत. त्यांच्याबद्दल दुसरी काहीच माहिती शिल्लक नाही. बोरगावात परत आलात की गाथासप्तशतीची स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती मिळवा आणि आधी या चौघींच्या गाथा काढून वाचा.