चिरेखाणीचा परवाना

१७. चिरेखाण : जांभ्याचे चिरे काढण्याची उघडी खाण. अलोरे (ता. चिपळूण) बाहेर ओळखले जाते ते कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यामुळे, पण येथील घरे, गडगे आणि विहिरींची बांधकामे आजूबाजूच्या इतर गावांसारखी चिऱ्याचीच. खाणीत ओलसर असताना जांभा मऊ असतो, सहज कापता येतो. वारा लागला की टणक होतो. चिरे पूर्वी हाताने काढत, आता यंत्राने.

मजकुरातील ‘परवाना’ दिल्लीचा नव्हे. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम १५ नुसार गौण खनिजांचे नियम राज्य करते. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे. स्वामित्वधन (बोलण्यात ‘रॉयल्टी’) ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर, मोजतात. बांधकामाचा दगड मुळातच गौण. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने जांभा नाव घेऊन त्या यादीत आला. त्यामुळे २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाचा, ज्याचा लेखक पुढे उल्लेख करतो, चिरेखाणीशी संबंध दूरचाच. ते धोरण मुख्यतः मोठ्या खनिजांचे. खरा फरक पाडला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालाने : पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) चिरेखाणी बहुधा त्याहून लहानच. पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीच्या अहवालाशी (२०११) या निकालाची गल्लत करू नये. लेखकाने पुढच्या परिच्छेदात ती केली आहे.