‘मॉड’मधला प्याला

अमेरिकी दूरदर्शनवर दारुडा यायचा तो बहुधा हसवायलाच. १९६० ते १९६८ चाललेला ‘द अँडी ग्रिफिथ शो’ घ्या. त्यातला ओटिस दारू प्यायला की आपणहून चौकीत येतो, किल्ली काढतो, कोठडीत जाऊन झोपतो. गाव खूश, प्रेक्षक खूश. घरी त्याच्या बायकोचं काय होत असेल, हा प्रश्न त्या मालिकेला फारसा पडत नाही.

तो प्रश्न सप्टेंबर १९७३ मध्ये ‘मॉड’ या मालिकेनं दिवाणखान्यात आणला. निर्माते नॉर्मन लिअर. मॉडचं काम बिया आर्थरचं, आणि तिचा चौथा नवरा वॉल्टर, म्हणजे बिल मेसी. घर सुखवस्तू, वॉल्टरचं घरगुती उपकरणांचं दुकान. आदल्याच वर्षी या मालिकेनं गर्भपातावर दोन भाग करून खळबळ उडवली होती. दुसऱ्या वर्षाची सुरुवात झाली ‘वॉल्टर्स प्रॉब्लेम’ या दोन भागांनी.

पहिला भाग सुरू होतो अगदी प्रहसनासारखा. रात्री सगळ्यांनी भरपूर ढोसलेली, आणि सकाळी मॉडला जाग येते तर शेजारी नवरा नाही, नवऱ्याचा डॉक्टर मित्र आर्थर! घडलेलं काही नसतं, पण ती हादरते. आपण दोघांनीही सोडायची, असं ठरतं. तिला जमतं, त्याला जमत नाही. आणि त्या ओढाताणीत वॉल्टर तिच्यावर हात उगारतो, मारतो. मालिका समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायची हे ध्यानात घ्या. हसायला आलेल्या माणसांपुढे ही थप्पड. दुसऱ्या भागात वॉल्टर अपराधाच्या ओझ्याखाली कोसळतो.

आता हे १९७३ मध्येच का? कारण जमीन तयार होत होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९५६ मध्ये मद्यासक्तीला आजार मानलं. १९६० मध्ये जेलिनेकचं त्या संकल्पनेवरचं पुस्तक आलं. १९७० मध्ये सिनेटर हॅरोल्ड ह्यूज यांच्या पुढाकारानं उपचारांसाठी कायदा झाला. हे गृहस्थ स्वतः व्यसनातून बाहेर आलेले.

पण आजार म्हटलं की माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरला अॅरिस्टॉटल आठवतो. तो सांगतो, नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असे. कारण न पिणं त्या माणसाच्या हातात होतं. आजाराची कल्पना नेमका हाच ‘हातात होतं’ सैल करते. मग वॉल्टर रोगी की गुन्हेगार? मॉडनं शुश्रूषा करायची की दार उघडून निघून जायचं? मालिका वॉल्टरच्या बाजूनं झुकते असं मला वाटतं. साप्ताहिक मालिकेला पुढच्या आठवड्यात तेच घर, तोच सोफा लागतो. बायको निघून गेली तर खेळ संपला. थप्पड मारणाऱ्याचं रडणं आपण बराच वेळ पाहतो, थप्पड खाणारीचं मन त्या मानानं थोडं.

मराठी माणसाला इथं ‘एकच प्याला’ आठवणारच. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. तिथं वाटणी स्वच्छ आहे: हशा तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाकडे, अश्रू सिंधूकडे. बालगंधर्वांची सिंधू निष्कलंक, प्याल्याला स्पर्श नाही. मॉडच्या मात्र स्वतःच्या हातात ग्लास आहे. वर्षानुवर्षं संध्याकाळ झाली की दोघं मिळूनच प्यायली, मिळूनच हसली. त्या हसण्यावर तर संसार उभा होता! म्हणून ती ‘सोड’ म्हणते तेव्हा वॉल्टरला ते उपदेशापेक्षा फितुरीसारखं वाटत असावं. सिंधूची दया येते. मॉडकडे पाहून मात्र चांगल्या घरातली जोडपी अस्वस्थ होतात, ती यामुळे.

बायकोच्या हातातल्या ग्लासाचा पुढचा प्रश्न या मालिकेनं तडीला नेला नाही. १९७८ मध्ये ‘मॉड’ संपली आणि त्याच वर्षी माजी अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्याला दारूचं आणि औषधांचं व्यसन असल्याचं जाहीरपणे सांगितलं.