अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग: शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे मायटोटेन

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथींच्या बाह्यकाचा कर्करोग फार विरळा आहे. दरवर्षी दहा लाख लोकांमागे एक-दोन रुग्ण. त्यामुळे त्याच्या उपचारांविषयीचे पुरावे तुटपुंजे आणि पहिल्या शस्त्रक्रियेचे मोल मोठे.

गाठ निघाली एवढ्याने भागत नाही. ती आवरणासकट, अखंड निघावी लागते. आवरण फाटले तर पेशी पोटात सांडतात आणि रोग तिथेच पुन्हा उगवतो. म्हणून कर्करोगाचा दाट संशय असेल आणि गाठ मोठी किंवा शेजारच्या अवयवांत शिरलेली असेल, तर पोट उघडूनच शस्त्रक्रिया करणे इष्ट. दुर्बिणीने रुग्ण लवकर घरी जातो हे खरे, पण इथे तो निकष दुय्यम आहे. गाठीत सुई घालून तुकडा काढणेही सहसा टाळतात. सुई किंवा शस्त्रक्रियेआधी फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके स्रवणारी गाठ, नाही ना, हे रक्त-लघवीतून तपासावेच लागते. तो लक्षात न येता शस्त्रक्रिया झाली तर रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो.

खरा वाद पुढचा: शस्त्रक्रियेनंतर मायटोटेन हे औषध कोणाला द्यायचे? हे डीडीटीच्या कुळातले रसायन. कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच्या कुळातल्या द्रव्याने झिजतात, हे १९४९ मध्ये दिसले होते. इटली-जर्मनीतील १७७ रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात ते घेणाऱ्यांचा रोगमुक्त काळ ४२ महिने होता, न घेणाऱ्या दोन गटांचा १० आणि २५. मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली ती विभागणी नव्हती. पुढे ‘अदियुवो’ चाचणीत गाठ पूर्ण निघालेले आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने विभागतात याचा निर्देशांक) दहा टक्क्यांपर्यंत असलेले ९१ रुग्ण घेतले. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले मायटोटेन घेणाऱ्यांत ७९ आणि न घेणाऱ्यांत ७५ टक्के, फरक नगण्य. हे दोन अभ्यास मला परस्परविरोधी वाटत नाहीत, कारण रुग्ण वेगळे होते. कमी धोक्याच्या रुग्णाला केवळ नजरेखाली ठेवणे हाही उपचारच. कडेला रोग उरला असेल, गाठ फुटली असेल किंवा केआय-६७ जास्त असेल, तर मायटोटेन द्यावे.

पण ते सोपे नाही. रक्तातील पातळी लिटरला १४ ते २० मिलिग्रॅम राखावी लागते, ती गाठायला आठवडे, कधी महिने लागतात. शिवाय ते निरोगी अधिवृक्क ग्रंथीलाही दाबते, त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन बाहेरून द्यावे लागते; पण मायटोटेनमुळे यकृत ते झपाट्याने मोडते, म्हणून त्याची मात्रा नेहमीपेक्षा वाढवावी लागते. ताप-उलट्यांत ती चुकली तर रुग्ण कोसळतो; घरच्यांना हे घरी पाठवण्यापूर्वीच सांगायला हवे.

पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅन होतो. रोग वर्षभरानंतर परतला आणि पूर्ण काढता येण्याजोगा असला तर पुन्हा शस्त्रक्रिया. सहा महिन्यांच्या आत परतला तर बहुधा मायटोटेनला केमोथेरपीची जोड.